जिवंत घाटेअळीच्या पोटात दुसरी अळी जगते कशी?

हरभऱ्याच्या पानावर वाळून गेलेली लहान घाटेअळी आणि तिला चिकटलेला करडा कोष तुम्हाला दिसला. आतली अळी इतके दिवस श्वास कसा घेत होती आणि बाहेरची आधीच का मेली नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

तो कोष बहुधा कॅम्पोलेटिस क्लोरिडी या मित्रकीटकाचा, म्हणजे बारीक कमरेच्या परोपजीवी गांधीलमाशीचा. मादी कोवळ्या घाटेअळीत पोटाच्या टोकाची अंडी घालायची सुई खुपसून एक अंडं ठेवते. खरा धोका तिथेच असतो. घाटेअळीच्या रक्तातल्या पेशी परक्या अंड्याला चिकटतात, थरावर थर चढवतात, काळं पाडून गुदमरवतात. म्हणून मादी अंड्याबरोबर स्वतःच्या अंडाशयात तयार झालेले विषाणूही सोडते. ते घाटेअळीत वाढत नाहीत, पण त्यांची जनुकं तिथे कामाला लागतात आणि त्या पेशी लुळ्या पडतात.

आतल्या अळीची कातडी इतकी पातळ असते, की रक्तात विरघळलेला ऑक्सिजन थेट कातडीतूनच आत झिरपतो. खाणं आधी रक्तद्रव आणि चरबी. आतडं, मज्जातंतू यांना शेवटपर्यंत धक्का नाही. यजमान, म्हणजे तिला पोसणारी घाटेअळी, मेला की सगळंच सडणार. विष्ठेने तो नासू नये याचीही सोय आहे: अळीच्या आतड्याचं मागचं टोक बंद असतं, साठलेली घाण ती कोष विणल्यावर एकदमच टाकते. दोन अंडी पडलीच, तर कोयत्यासारख्या जबड्यांनी एक अळी दुसरीला मारते.

साधारण आठवड्या-दहा दिवसांत ती बाहेर पडून शेजारीच कोष विणते. घाटेअळी तोवर घाटे पोखरण्याइतकी मोठीच झालेली नसते, हा शेतकऱ्याचा खरा फायदा.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर सेंटिमीटरपेक्षा लहान अळ्या आणा. मोठ्या आणल्यात तर बहुतेक निरोगीच निघतील, कारण आत दुसरी अळी असलेल्या तोवर मेलेल्या असतात. एका डबीत एकच अळी ठेवा, त्या एकमेकींना खातात. हरभऱ्याचा कोवळा पाला रोज बदला. डबीत ओल साचली की बुरशी येते, म्हणून झाकणाला बारीक भोकं पाडा. फवारलेल्या शेतातल्या अळ्या आणू नका. औषधाने यजमान मेला की आतलीही मरते. शेतातले करडे कोष मात्र वेचून टाकू नका. हरभऱ्यात धण्याच्या ओळी घेतल्यात, तर त्यांच्या फुलांतला मध प्रौढ माशीच्या कामी येतो.