ट्रकच्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, मग डिझेल पेटतं कसं? आणि उतारावर न्यूट्रल टाकल्याने खरंच डिझेल वाचतं का?

तुम्ही लिहिलंय की काकांच्या दोन गाड्यांचा हिशोब आता तुमच्याकडे आलाय. मेकॅनिकच्या बिलात नोझल, पंप, टर्बो असं काहीबाही असतं आणि त्यातलं काही कळत नाही. शिवाय ड्रायव्हर घाट उतरताना न्यूट्रल टाकतो आणि वर डिझेल वाचतं म्हणून सांगतो. माझं कळंबोलीत पंप-नोझलचं काम आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूला जरा झुकेल. चालवून घ्या.

आधी एक गोष्ट पक्की करा, बाकीचं बरंचसं त्यातूनच सुटतं. डिझेल इंजिन हवा मोजून घेत नाही. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की हवेच्या वाटेतली झडप उघडते आणि हवेच्या हिशोबाने पेट्रोल जातं. ट्रकच्या इंजिनात हवा अडवून वेग ठरवायची भानगडच नाही. (बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या गाड्यांत तशी एक झडप दिसेल, पण ती धुराच्या यंत्रणेसाठी असते.) गाडी उभी राहून गुरगुरत असो की पूर्ण लोडवर कसारा चढत असो, सिलिंडर दर वेळी मिळेल तेवढी हवा भरून घेतो. ड्रायव्हरच्या पायाखाली फक्त डिझेल असतं.

आता पेटतं कसं ते. आपल्याकडे भरपूर दिसणारं कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन धरा. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, १०२ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव, १२०. पिस्टन खाली येतो तेव्हा नुसती हवा आत येते, डिझेल नाही. मग दोन्ही वाल्व बंद होतात आणि पिस्टन वर जाताना ती हवा साधारण सतराव्या हिश्शात चेपतो. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं ना, तोच प्रकार, फक्त इथे हवा ५०० अंशांच्या पुढे तापते. डिझेलला पेट घ्यायला २००-२५० अंश पुरतात. पिस्टन अगदी वर पोचायच्या जरा आधी नोझल फवारा मारतं आणि डिझेल त्या तापलेल्या हवेतच पेटतं. ठिणगी लागतच नाही. पिस्टन जोरात खाली ढकलला जातो आणि पुढच्या खेपेला वर येताना जळालेला गॅस बाहेर काढतो. म्हणजे क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) दोन फेरे झाले की एका सिलिंडरने एकदा जोर लावला. सहाही सिलिंडर एकदम पेटत नाहीत. या इंजिनात क्रम १-५-३-६-२-४ असा असतो, म्हणून क्रँकला सतत कुणीतरी ढकलत असतं.

फवारा मारणं आणि पेट घेणं यात क्षणाचाही बारीकसा भाग जातो. तेवढ्यात साचलेलं डिझेल एकदम पेटतं, तोच तो डिझेलचा खटखट आवाज. नवी कॉमन रेल इंजिनं (यात सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं आणि फवारा कॉम्प्युटर ठरवतो) आधी जरासं डिझेल सोडून मग मुख्य फवारा मारतात, म्हणून ती शांत वाटतात.

आता नोझल, म्हणजे माझा विषय. लोडची गाडी ताशी १२ लिटर डिझेल पितेय आणि इंजिन १५०० आरपीएमवर आहे असं समजा. सहा सिलिंडर मिळून मिनिटाला ४५०० फवारे होतात, तासाला दोन लाख सत्तर हजार. भागाकार केला तर एका फवाऱ्याच्या वाट्याला ०.०४४ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब येतो. तो थेंब नोझलच्या टोकाच्या केसाएवढ्या भोकांतून धुक्यासारखा पसरला पाहिजे, तोही नेमक्या वेळी. जुन्या पंपाच्या गाड्यांत नोझल २००-२५० बारला उघडतं, कॉमन रेलमध्ये दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो.

जुन्या पंपाच्या गाडीचं नोझल टेस्टरला, म्हणजे तपासणीच्या हातपंपाला, लावून दांडी मारली की चांगलं असेल तर ते चरचर वाजतं, प्रत्येक भोकातून सारखी धुकट रेघ निघते आणि टोक कोरडं राहतं. खराब असेल तर एका भोकातून पिचकारी उडते, टोकाला थेंब लोंबतो. तो लोंबणारा थेंब इंजिनात नीट जळत नाही. तुमचं एव्हरेज तिथेच गळतं आणि पुढे पिस्टनचं डोकंही जळू शकतं. त्यामुळे मेकॅनिक ‘नोझल काढायला लागतील’ म्हणाला तर टेस्टिंग स्वतः उभं राहून बघा, बिलाचा अर्धा संशय तिथेच फिटेल. मात्र फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, डिझेल कातडीच्या आत शिरतं आणि प्रकरण थेट ऑपरेशनवर जातं.

धूर वाचायला शिका, फुकटचं काम आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. लोक लगेच पंपाला दोष देतात, पण आधी एअर फिल्टर बघायचा. हेच इंजिन टर्बो नसतानाही १५०० आरपीएमला मिनिटाला कागदावर सुमारे ४४०० लिटर हवा ओढतं, आणि खडी-सिमेंटच्या साइटवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर किती दिवस तग धरणार? निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, वाल्व सील नाहीतर टर्बो. पांढरा धूर थंडीत सकाळी दोन मिनिटं आला तर सोडून द्या. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर न जळालेलं डिझेल तरी असतं, नाहीतर हेड गॅस्केटमधून पाणी शिरतंय.

टर्बो हवेशीच जोडलेला आहे. जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने ४० टक्के क्रँकपर्यंत पोचते, बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून जाते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसवर टर्बोचं एक चाक फिरतं, त्याच शाफ्टवरचं दुसरं चाक हवा दाबून आत ढकलतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. घाट चढून धाब्यावर आल्या आल्या इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं आणि तापलेला शाफ्ट तसाच फिरत राहतो. म्हणून दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करायचं. टर्बोचं सील गेलं आणि ऑइल हवेबरोबर आत गेलं तर इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही, कारण हवा तर मोकळीच असते. तेव्हा हवेची वाट बंद करणं हाच उपाय.

बीएस-६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत धुरातला विषारी वायू कमी करायला युरियाची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. १०० लिटर डिझेलमागे साधारण ४ ते ६ लिटर लागतं. शेतीच्या गोणीतला युरिया कालवून ओतणारे बहाद्दर आहेत. तो युरिया निंबोळी तेल लावलेला असतो, आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिस्टचं (धूर साफ करणाऱ्या भागाचं) वाटोळं झालं की त्याच्या बिलासमोर माझं बिल चहापाण्याचं वाटेल.

राहिला न्यूट्रलचा प्रश्न. गाडी गियरमध्ये आहे आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलाय, तेव्हा चाकंच इंजिन फिरवत असतात. अशा वेळी कॉमन रेलचा कॉम्प्युटर डिझेल पूर्ण तोडतो, जुन्या पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, तोही तेच करतो. खर्च शून्य. न्यूट्रल टाकलंत की इंजिनाला स्वतःला आयडलवर जिवंत ठेवायला डिझेल लागतं, ताशी साधारण दीड-दोन लिटर. सपाटीच्या किंचित उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये जास्त लांब घरंगळते हे खरं, पण घाटात वेग रोखायचाच असतो, तिथे घरंगळून मिळवायचं काय?

आणि रोखणार कशाने? हवेच्या वाटेत झडप नसल्यामुळे डिझेल इंजिन मुळात गाडी फारशी धरत नाही. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक दिलेला असतो, तो सायलेन्सरची वाट आवळतो आणि इंजिनाला गॅस ढकलायला जड जातं. तो चालतो फक्त गियरमध्ये. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ड्रम तापतात, ब्रेक धरेनासे होतात. त्यात कुणी इंजिनच बंद केलं तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगही गेलं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ब्रेक न लागून किती अपघात झालेत, ते पुण्यात कुणालाही विचारा. ज्या गियरने तो घाट चढवला असता त्याच गियरने उतरवायला सांगा, आणि ऐकलं नाही तर दोन फेऱ्या टाकी फुल करून मोजून दाखवा.

दोन्ही गाड्यांचं मॉडेल आणि साल खाली लिहा, जमल्यास बिलाचा फोटोही टाका. कोणतं काम खरंच लागणार होतं ते बघून सांगतो.