पत्रात एकदाच आलेलं ‘रडलो’

प्रश्न : ताई, माझं वय २६. जन्मापासून सगळे मला मुलगी म्हणूनच ओळखतात. मागच्या महिन्यात एका पारलिंगी पुरुषावरची, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषावरची डॉक्युमेंटरी बघितली. हार्मोन्स सुरू केल्यापासून तो दर महिन्याला एकच वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करतो. शेवटी ती सगळी रेकॉर्डिंग्ज एकापाठोपाठ ऐकवली आहेत. आवाज हळूहळू खाली उतरत जातो. तेवढाच भाग मला पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघावासा वाटला. दहा-बारा वेळा तरी बघून झाला असेल. मग दिवा बंद केला आणि मी रडलो. पण त्याला म्हणे चौथ्या वर्षापासून माहीत होतं. मला तर लहानपणी फ्रॉक आवडायचे. मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अगं, हल्ली सगळ्यांनाच असं वाटायला लागलंय, बघूच नकोस असलं काही.’ एक फिल्म बघून असं होतं का? हे माझं आहे की उसनं? आईला सांगायचं का? खाली नाव लिहीत नाही, कुठलं लिहायचं तेच कळत नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की स्वतःबद्दल लिहिताना तुम्ही ‘गेले’, ‘बसले’, ‘करते’ असं एकदाही लिहिलेलं नाही. ‘बघितली’, ‘वाटला’, ‘बघून झाला’, ‘सांगितलं’. मराठीत ‘मी’ला लिंग नसतं, पण पुढचं क्रियापद लगेच सांगून टाकतं. ती वेळच येऊ नये म्हणून तुम्ही जवळजवळ प्रत्येक वाक्य वळवून घेतलंय. आणि दिवा बंद केल्यावर मात्र लिहिलंत, ‘मी रडलो’. ठरवून की नकळत, ते तुम्हालाच ठाऊक. पण पत्र पाठवण्याआधी ते खोडलं नाहीत.

एरवी मी इथे ‘अगं’ नाहीतर ‘अरे’ म्हणत उत्तर देते. तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणतेय ते परकेपणाने नाही. ‘तुम्ही’ म्हटलं की तुमचं क्रियापद मला ठरवावं लागत नाही.

फिल्म बघून कुणाचा लिंगभाव, म्हणजे आपण स्त्री की पुरुष ही आतली जाणीव, बदलत नाही. ज्याला आजवर नाव नव्हतं असं काही दुसऱ्या माणसात दिसतं, एवढं मात्र फिल्ममुळे होऊ शकतं. मला तुमचं रडणं जितकं महत्त्वाचं वाटतं, त्याहून तुम्ही कुठला भाग मागे नेलात ते जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या आवाजापाशी थांबलात तेव्हा मनात काय होतं? ‘किती सोसलं यानं’ असं वाटत होतं, की ‘हा आवाज माझा का नाही’ असं? दुसऱ्याच्या धीरानेही माणसाचे डोळे भरून येतात, आणि त्यातही खोटं काही नाही. पण हेवा वेगळा. तो होता का, हे तुम्हीच सांगू शकता.

चौथ्या वर्षाचं ओझं डोक्यावरून उतरवा. दीड तासात आयुष्य बसवायचं तर सुरुवात ठळक लागते, म्हणून अशा फिल्ममध्ये बालपणापासून माहीत असणारी माणसं जास्त दिसतात. प्रत्यक्षात कुणाला लहानपणी कळतं, कुणाला वयात येताना शरीर बदलायला लागल्यावर, कुणाला चाळिशीत, मुलंबाळं झाल्यावर. आणि फ्रॉकचं म्हणाल, तर फ्रॉक आवडणाऱ्या मुलीही असतात आणि मुलगेही.

मैत्रिणीला तुमची काळजी वाटली असेल, पण तिचं ‘हल्ली’ चुकीचं आहे. ब्रिटनमधल्या मायकेल डिलन यांची जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झाली होती. त्यांनी १९३९च्या सुमारास टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घ्यायला सुरुवात केली, १९४४ मध्ये आपल्या जन्माच्या नोंदीतलं लिंग बदलून घेतलं, आणि पुढे काही वर्षं एकामागून एक शस्त्रक्रिया सोसल्या. त्या वेळी त्यांना बघायला कुठली डॉक्युमेंटरी होती? डोक्यात काही बिघाड झालाय, ही भीतीही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात, लिंगभाव जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी न जुळणं ही गोष्ट मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे.

आता तो आवाज. फिल्ममध्ये जो अर्ध्या मिनिटात उतरतो, त्याला प्रत्यक्षात महिनेच्या महिने लागतात, पूर्ण बसायला वर्ष-दोन वर्षंही. टेस्टोस्टेरॉन थांबवलं तर पाळी बहुधा परत सुरू होते, पण उतरलेला आवाज परत वर चढत नाही, आणि आलेली दाढीही आपोआप जात नाही. पुढेमागे स्वतःचं मूल हवंसं वाटेल का, हे आधीच डॉक्टरांशी बोलावं लागतं. रक्त दाट होऊ नये म्हणून ठरावीक काळाने तपासण्या कराव्या लागतात. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण नेटवरून औषध मागवून स्वतःच सुरू करायचा विचार आला, तर कृपा करून तो सोडून द्या. छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेजने आवळून बांधू नका, श्वास कोंडतो आणि बरगड्यांना इजा होते.

त्याआधी एक गोष्ट करता येईल. ती मागेही घेता येते, आणि तुमच्या पत्रावरूनच मला सुचली. रोज रात्री वहीत चार-पाच ओळी लिहा. आठवडाभर ‘गेलो, आलो, जेवलो’. पुढचा आठवडा ‘गेले, आले, जेवले’. वाक्य वळवायचं नाही, क्रियापद येऊ द्यायचं. कुठल्या आठवड्यात हात अडतो, कुठल्या आठवड्यात पान भरलं तरी लिहावंसं वाटतं, ते बघा. दोन्ही टोचली तर तेही लिहून ठेवा. स्वतःला पुरुषही न म्हणणारी आणि स्त्रीही न म्हणणारी माणसं असतात.

मग ती वही घेऊन समुपदेशकाकडे जा. पहिल्याच भेटीत विचारा, की लिंगभावाचे प्रश्न घेऊन येणाऱ्यांबरोबर त्यांनी काम केलंय का. ‘यातून बाहेर काढतो’ असं आश्वासन कुणी दिलं, तर उठून या. चांगला समुपदेशक तुम्हाला कुठल्याच बाजूला ढकलणार नाही.

आईला आत्ता काय सांगणार? निर्णय तर अजून झालेलाच नाही, आणि तिने ‘मग आता काय करायचं ठरवलंयस?’ असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नाही. घरातलं छप्पर आणि पैसा तिच्या हातात असेल, तर आणखी थांबा. आणि समजावून सांगायला म्हणून ती फिल्म तिच्यासमोर लावू नका. असं करायचा मोह फार जणांना होतो. तुम्ही आवाज ऐकलात, तिला ऑपरेशन थिएटर दिसेल, आणि नंतर तुमच्याकडे बघताना तिला तोच माणूस आठवत राहील. सांगायची वेळ येईल तेव्हा तुमच्याच तोंडून, तुमच्याच आयुष्यातलं एखादं वाक्य तिला ऐकू दे. ‘मला मुलगी म्हणून हाक मारली की आत काहीतरी आक्रसतं,’ असं काही. तसं होत असेल तरच.

मी स्वतः यातून गेलेली नाही, त्यामुळे हे तुमचं की उसनं, ते मी सांगणार नाही. दोन आठवड्यांनी मला परत लिहा. खाली जे नाव लिहावंसं वाटेल ते लिहा, अगदी आदल्या रात्री सुचलेलं असलं तरी. मी त्याच नावाने उत्तर देईन.