अल्बममध्ये आज्जीच नाही

प्रश्न : गेल्या वर्षी ताईचं लग्न झालं, बेळगावच्या हॉलमध्ये. ड्रोन होता, अल्बममध्ये साडेचारशे फोटो, पण आज्जीचा एकपण धड नाही हो, स्टेजवरच्या रांगेत अर्धा चेहरा तेवढा दिसतो. आता दादाचं लग्न गावातल्या घरीच आहे. फाईन आर्ट म्हणतात तसे फोटो पाहिजेत, तर फोटोग्राफरला नेमकं काय सांगू?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : अर्धा चेहरा वाचून खरंच वाईट वाटलं बघा. फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून दिला की फाईन आर्ट झालं असं नाही, तुमच्या घरातलं कुणी ओळखत नसलेला माणूससुद्धा ज्याच्यासमोर दोन मिनिटं थांबेल तो खरा, आणि तसा फोटो स्टेजवर क्वचित मिळतो.

म्हणून फोटोग्राफरला आदल्या दिवशी सकाळीच बोलवा आणि लाईट गाडीतच ठेवायला सांगा. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरात स्वयंपाकघरावर एखादं काचेचं कौल असतं की, ऊन चढलं की त्यातून कवडसा खाली येतो आणि चुलीचा धूर असला तर हाताला लागेल असा दिसतो, तिथंच आज्जीला सुपात तांदूळ निवडत बसू द्या, इकडं बघ म्हणू नका. ट्यूब बंद करा, नाहीतर चेहरा हिरवट येतो. फोटोग्राफरला कॅमेऱ्याचे आकडे सांगा, आयएसओ म्हणजे उजेड टिपायची ताकद ३२००, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड एफ/२, शटर म्हणजे ते उघडं राहायचा वेळ १/१२५ सेकंद, एवढ्यावर जमतं, ग्रेन म्हणजे बारीक ठिपके आले तर येऊ देत. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे नावाजलेले फ्रेंच फोटोग्राफर फ्लॅश टाळायचे, बहुतेक काम ५० एमएमच्या एका लेन्सवर करायचे.

अंतरपाटाला सगळे कॅमेरे नवरा-नवरीवरच असतात. एकाला उलटं, पाहुण्यांकडं तोंड करून उभं करा, शेवटच्या मंगलाष्टकाला मुठीत अक्षता घट्ट धरलेली आई त्याला दिसेल. अक्षता उडताना शटर १/५०० ठेवलं तर दाणा न दाणा वेगळा, १/३० ला नुसत्या रेघा. मला रेघाच आवडतात.

साडेचारशे नकोत, तीस निवडा आणि कॉटन पेपरवर पिगमेंट शाईत प्रिंट काढून घ्या. खानापूरच्या पावसात चकचकीत फोटो एकमेकाला चिकटतात, बुरशी धरते, तेव्हा मध्ये अॅसिड-फ्री कागद घालून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आज्जीचा फोटो मात्र डब्यात नको, फ्रेम करून आतल्या कोरड्या भिंतीवर लावा, आणि काच थेट फोटोला टेकणार नाही असा माऊंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, मध्ये घालायला सांगा.