आपल्याच खळ्यात

"मॅडम, लोक आमच्या गावात मन रमवायला येतात आणि मला आमच्याच गावातून पळून जावंसं वाटतं. माझं काही बिघडलंय का?"

मालवणहून कुडाळला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका ताईंनी बसल्या बसल्या हे विचारलं. दिवाळीची गर्दी नुकतीच ओसरली होती. हंगाम संपला की हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. वेंगुर्ल्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारला होता, तारकर्लीच्या एका तरुण मुलानेही. म्हणून ताईंच्या परवानगीने, त्यांची ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून, हा अनुभव लिहिते आहे.

ताईंचं माहेर आणि सासर दोन्ही मालवणातलं. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, तेव्हा त्या शाळेत होत्या. आज घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या असतात. नवऱ्याची होडी आहे. हंगामात सासूबाई, दोघं नवराबायको, दहावीतली मुलगी आणि धाकटा मुलगा असे पाचही जण माजघरात झोपतात. पहाटे पाचला घावण्यांचं पीठ, रात्री अकराला शेवटचं ताट. मधल्या वेळात न्हाणीतली वाळू. ही वाळू त्यांनी मला हाताने दाखवली, ओंजळ करून. "इतकी निघते रोज. मोरी तुंबते. मी पोरीच्या केसांतसुद्धा वाळू शोधते आता."

रात्री झोप लागत नव्हती, फोन वाजला की छातीत धडधडायचं. मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. हे कुणीच टाळू नये. दोन्ही ठीक निघालं, मग आम्ही बोलायला बसलो.

त्यांना सगळ्यात जास्त छळत होता तो अपराधीपणा. घराचा स्लॅब पाहुण्यांच्या पैशातून टाकला, मुलीची शिकवणी त्यातूनच चालते. मग तक्रार कुठल्या तोंडाने करायची? "येवा, कोकण आपलोच आसा म्हणतो ना आपण. आणि मी मनातल्या मनात म्हणते, जावा आता." हे सांगताना त्या रडल्या.

त्यांचं मन नेमकं कधी फाटलं, ते दुसऱ्या भेटीत कळलं. दिवेलागणीची वेळ. सासूबाई खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तुळशीपाशी दिवा लावायला गेल्या. तिथे खोलीतल्या दोन मुली मोबाईल लावून रील करत होत्या. त्यातली एक अगदी गोड आवाजात म्हणाली, "आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." सासूबाई दिवा हातात धरून बाजूला झाल्या. नंतर चुलीपाशी बसून एवढंच बोलल्या, "माज्याच खळ्यात माका म्हणता, बाजूक हो." ताईंना त्या मुलीचा राग आला नव्हता. राग आला तो स्वतःचा, कारण त्या तेव्हा दारातच उभ्या होत्या आणि हसत होत्या.

ते हसू माझ्या लक्षात राहिलं. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 साली हवाईसुंदरींच्या कामावर लिहिताना 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. पगारासाठी चेहऱ्यावर प्रसन्नता ठेवणं हेसुद्धा काम आहे आणि त्याचा शीण येतो. हवाईसुंदरी निदान विमानातून उतरून घरी जाते. ताईंना उतरायला जागाच नव्हती, घर हेच विमान झालेलं. त्यातच एका पाहुण्याने इंटरनेटवर तीन तारे देऊन लिहिलं होतं, 'जेवण उत्तम, मालकीणबाई हसतमुख नाहीत.' ते वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. ज्या दिवसाबद्दल ते लिहिलं, त्या दिवशी मुलाला एकशे दोन ताप होता.

इथे माझी एक चूक झाली. 'नाही म्हणायला शिका' हा आम्हा समुपदेशकांचा नेहमीचा सल्ला मी लगेच देऊन टाकला. ताई मान हलवून गेल्या आणि तीन आठवडे आल्याच नाहीत. मे आणि डिसेंबर या दोन महिन्यांवर ज्या घराचं वर्ष चालतं, त्या घरातल्या बाईला 'नाही म्हणा' सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवणं. नाही कुणाला म्हणायचं आणि त्याची किंमत कोण भरणार, हे मी विचारलंच नव्हतं.

त्या परत आल्या तेव्हा मी वेगळीकडून सुरुवात केली. "गणपतीत घरात किती माणसं असतात?"

"वीस-बावीस. मुंबईचे सगळे येतात."

"तेव्हा धडधडतं?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "नाही हो. दमते, पण धडधडत नाही."

म्हणजे प्रश्न गर्दीचा नव्हता. गणपतीत जावा मोदक वळायला बसतात, दीर पाणी भरतात, विसर्जन कधी ते ठरलेलं असतं आणि कुणी तारे देत नाही. मग मी त्यांना एक वही दिली. चिडचिड झाली की वेळ आणि कारण, एवढंच लिहायचं. नाताळच्या गर्दीतले नऊ दिवस त्यांनी ते इमानाने लिहिलं.

वहीत जे निघालं त्याने त्याही चकित झाल्या. पैसे देऊन राहिलेल्या पाहुण्यांवरच्या नोंदी मोजक्याच. सगळ्यात जास्त नोंदी फुकट राहायला येऊ पाहणाऱ्या ओळखीच्यांच्या फोनच्या होत्या. नवऱ्याच्या मामेभावाचा मित्र, पुण्याच्या वहिनींची ऑफिसातली मंडळी, 'आम्ही काय घरचेच' म्हणून मे महिन्यात आठ दिवस मुक्काम ठोकणारे. पाहुण्याला येण्या-जाण्याची वेळ असते, दर असतो. या लोकांना काहीच नसतं, आणि त्यांच्यापुढे कपाळावर आठी आली तर नातं दुखावतं. पर्यटनाच्या गावात राहणाऱ्या बहुतेक बायकांची खरी दमछाक इथे होते, असं माझं मत झालं आहे. त्यावर कुणी बोलत नाही, कारण आपल्याकडे पाहुणचार हा बाईच्या स्वभावाचा भाग धरतात, कामाचा नाही.

पर्यटनाचे अभ्यासक जॉर्ज डॉक्सी यांनी 1975 साली स्थानिक माणसांच्या मनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: आधी हर्ष, मग उदासीनता, मग चीड, शेवटी वैर. मी ताईंना त्या सांगितल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या तर चारही एकाच दिवसात होतात. सकाळी कुणी सोलकढी पिऊन 'वा' म्हणालं की हर्ष." मला ते डॉक्सींच्या मांडणीपेक्षा खरं वाटलं. चीड आली म्हणजे आपण माणूसघाणे झालो, असं नसतं.

पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. ती भेट सोपी नव्हती. मुलीच्या परीक्षेपर्यंत एक खोली तिला परत द्यावी असं ताईंनी मांडलं, तेव्हा ते म्हणाले, "रात्रीचे दीड हजार जातात, मॅडम. होडीचा हप्ता तुम्ही भरणार?" त्यांचंही चुकत नव्हतं. समुद्र खवळला की होडी बंद, पावसाळ्यात सगळंच बंद. मी काहीच बोलले नाही. ताईंनी वही उघडली आणि फुकट राहून गेलेल्या माणसांच्या रात्री आठवून मोजून दाखवल्या. वर्षाला एकोणतीस. ते वही हातात घेऊन बसले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझ्याकडच्यांना मी सांगतो."

त्यांनी शोधलेलं वाक्यही चांगलं होतं: "मे महिन्यात खोल्या दिलेल्या असतात, तुम्ही जूनमध्ये या, पावसात आपल्याला निवांत बोलता येईल." एक मामेभाऊ रुसला, अजून रुसलेला आहे. खोली मुलीला मिळाली, पण परीक्षेनंतर काय, हे ठरलेलं नाही. आणि खळ्याच्या एका बाजूला सासऱ्यांच्या वेळचा जुना बांबूचा आडोसा पुन्हा उभा राहिला, तुळस त्याच्या आत. दिवेलागणीला आत कुणी यायचं नाही, हे पाहुण्यांना खोलीत शिरतानाच सांगतात. आजवर कुणीही वाईट वाटून घेतलेलं नाही.

बाजारातली सुरमई हॉटेलांकडे जाते, गल्लीत गाड्या लागतात, हे काही माझ्या खोलीत सुटणारं नाही. त्यासाठी नगरपरिषदेचं दार वाजवावं लागतं, आणि ते गल्लीने मिळून वाजवावं. पण ज्यांना हे वाचताना आपलंच वाटतंय आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली आहे, त्यांनी अंगावर काढू नका. जवळ कुणी नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

एक गोष्ट मी विचारायची राहिले होते. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. शेवटचा कधी बघितलात? ताई म्हणाल्या, पाहुण्यांना वाट दाखवायला जाते तेवढंच, स्वतःसाठी चारेक वर्षांत नाही. लहानपणी त्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढायला जायच्या. होडीतून जाळं अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसं ओढतात. दोरीला हात लावला त्याला वाटा.

फेब्रुवारीतल्या भेटीत त्यांनी आल्या आल्या दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. बोटांच्या मुळाशी कातडी सोलवटली होती. त्या दिवशी पहाटे घावण्यांचं पीठ नवऱ्याच्या हवाली करून त्या दांडीला गेल्या होत्या. रापणीतला एक म्हातारा त्यांच्या वडिलांना ओळखणारा निघाला. त्याने पिशवीत ओंजळभर पेडवे, म्हणजे छोटे मासे, घातले आणि पैसे घेतले नाहीत. वाट्याचे पैसे घेत नाहीत.

पाहुण्यांच्या ताटात ते पेडवे गेले नाहीत. मागच्या चुलीवर भाजून ताईंनी आणि सासूबाईंनी ते उभ्या उभ्या खाल्ले.