आईच्या टाचा बघितल्यात का?

इंग्लंडातल्या रीडिंगहून लिहिणाऱ्या ताई, तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. आईला पुण्यातल्या वृद्धाश्रमात ठेवून आठ महिने झाले आणि तुमच्या जिवाला घोर लागलाय. तो कसा असतो ते आपण सगळेच जाणतो.

नातेवाईक नावं ठेवतात म्हणता. त्यांच्यापैकी कोणी आईला सांभाळायला पुढे आलं होतं का? नाही ना, मग सोडून द्या. भाऊ खर्चाचा वाटा उचलत नाही, तर भांडू नका, दर महिन्याचा हिशोब मात्र त्याला न चुकता पाठवा.

आता खरं बोलू. तुम्ही लिहिता, "खोली हवेशीर आहे, बाग आहे, संध्याकाळी भजन असतं. आई रोज व्हिडिओ कॉलवर टवटवीत दिसते." आणि तिसऱ्या पानावर, जाता जाता, "खुब्याच्या ऑपरेशननंतर ती फारशी उठत नाही. हल्ली पंधरा दिवस खुर्चीत बसायलाही नको म्हणते."

अहो ताई, हे वाक्य पहिल्या ओळीत यायला हवं होतं! का नको म्हणते, हे विचारलंत का? बसल्यावर दुखत असेल म्हणून तर नसेल? एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम, बेडसोअर, तर नसेल? फोनवर चेहरा दिसतो, माकडहाड दिसत नाही.

माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्हीही हेच केलं. न्यू जर्सीहून रोज फोन, रोज "बरी आहे गं". डिसेंबरात गेले तर पायांत पांढरे मोजे. थंडीचे घातलेत, वृद्धाश्रमातल्या मावशी म्हणाल्या. मोजा काढायला गेले तर टाचेला चिकटलेला. खाली रुपयाएवढा काळा डाग, आणि वास. त्या मावशी मायेच्या होत्या, सासूबाईंची रोज वेणी घालायच्या. पण रात्री बारा जणींमागे एकच बाई, ती कोणाकोणाला वळवणार? जखम भरायला पाच महिने गेले.

ज्याला स्वतःची कूस बदलता येत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी कोणीतरी वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. नाहीतर हाडावरची कातडी दबून तिचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून बागेचं राहू द्या, रात्री किती माणसं असतात ते विचारा. वळवल्याच्या वेळा लिहितात का? त्या वहीचा फोटो मागा. दहा, बारा, दोन, चार असं सगळं एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसलं तर पुन्हा विचारा. डायपर किती वेळाने बदलतात? ओली कातडी लवकर सोलते. "एअर बेड आहे, वळवायची गरज नाही," असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. दुखऱ्या जागेवर तेल चोळणं आपल्याकडे मायेने करतात, पण त्याने कातडी आणखी दुखावते. बुडाखाली रबरी रिंगही नको. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी हवी. आणि आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही. डाग जांभळट, काळपट दिसतो, हाताला ती जागा गरम, घट्ट किंवा लिबलिबीत लागते.

इंग्लंडात वृद्धाश्रमांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनचा अहवाल तुम्हाला घरबसल्या वाचता येतो. पुण्यात तशी सोय नाही, तिथे आपल्याच माणसाचे डोळे लागतात. संस्थेने दाद दिली नाही, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. तिथल्याच कोणाला तरी फोन करायला सांगा.

तुमचे मावसभाऊ कोथरूडला असतात, रविवारी दुपारी आधी कळवून पेढे घेऊन जातात. त्यांचा जीव आहे आईवर, पण असं जाऊन काय दिसणार? या आठवड्यात त्यांना आयत्या वेळी, संध्याकाळी सातनंतर जायला सांगा. वहिनींनाही सोबत न्यायला सांगा, भाच्यापुढे गाऊन सरकवायला आई लाजेल. वहिनींनी मोजे काढून दोन्ही टाचा बघायच्या, मग कुशीवर वळवून माकडहाड आणि खुबे. डाग दिसला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर, आणि काय निघालं ते मला लगेच कळवा.