11 वर्षांच्या कुत्रीला घेऊन रेड-टेल बाजाने खारींची शिकार करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या ओहायोत बाजाने शिकार करण्याच्या शिकाऊ परवान्यावर पहिला हंगाम, ऑक्टोबरात रानात सापळ्यात धरलेली रेड-टेल (लाल शेपटीचा अमेरिकी बाज) मादी, आणि घरात 11 वर्षांची फाइस्ट (खारींच्या शिकारीसाठी पाळतात ती छोटी कुत्री) जातीची कुत्री. तिला खारींमागे न्यावं की घरीच ठेवावं?

न्या. सशाच्या शिकारीला नेऊ नका, पण खारींच्या कामात म्हातारी, ठाम कुत्री तरुण कुत्र्यापेक्षा बरी पडते. सशासाठी काट्याकुट्यांतून पळावं लागतं. खारीसाठी वासावर झाडापर्यंत पोचायचं आणि बुंध्याशी उभं राहून भुंकायचं, एवढंच. खार खालच्या आवाजाकडे डोळा ठेवून खोडाच्या पलीकडे सरकते आणि तिथेच वर बसलेल्या बाजाला दिसते. कुत्री एका बाजूला असेल तर तुम्ही दुसऱ्या बाजूला जा. खोडावर जाड वेल चढली असेल तर तिला खालून झटके द्या, लपलेली खार हलते.

झाडांची पानं गळेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, खरी शिकार होत नाही. तो काळ दोघींची ओळख करून देण्यात घाला. रानातून नुकत्याच आलेल्या बाजाला कुत्री म्हणजे कोयोटी (तिथला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) वाटते. बाज हातमोज्यावर खात असताना कुत्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपलेली हवी. अंतर रोज थोडंच कमी करा. दोन-तीन आठवड्यांत बाज तिच्याकडे दुर्लक्ष करून खायला लागते. उलट बाजूने कुत्रीला एकच नियम: बाज जमिनीवर असेल तेव्हा पाच-सहा मीटर लांब बसायचं. मोतीबिंदू असेल तर पाचोळ्यातली बाज तिला दिसत नाही आणि पाय पडतो, म्हणून बाज खाली उतरली की आधी कुत्रीला थांबवा. कान मंद झाले असतील तर शिट्टीच्या जागी गळ्यातला थरथरणारा पट्टा वापरा आणि तो घरी शिकवा: थरथर झाली की तुमच्याकडे यायचं, आल्यावर खाऊ.

बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं पट्ट्यावर चालवून सांधे गरम करा. मग 45 मिनिटं काम, दुसऱ्या दिवशी सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कशी उठते ते बघा: मागचे पाय ओढत असेल तर सुट्टी दोन दिवसांची. उणे 10 सेल्सियसच्या खाली, किंवा पाचोळ्यावर बर्फाचा कडक थर असेल तेव्हा तिला नेऊ नका. अशा दिवशी खारीही फारशा बाहेर पडत नाहीत. सांधेदुखीचं औषध पशुवैद्याने दिलेलंच द्या. माणसांसाठीचं आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी असतं.

आता बाजाकडे. खारींच्या शिकारीत सर्वांत मोठी भीती असते चाव्याची. तिथल्या दोन जातींपैकी ग्रे खार साधारण अर्ध्या किलोची, फॉक्स खार किलोच्या आसपास जाते आणि तिचा चावा जास्त खोल. बाजाने मागचा भाग धरला की खार वळून पायाचं बोट फोडते, आणि टेंडन गेला तर ते बोट कायमचं निकामी. म्हणून बाजाच्या पायातल्या पट्ट्याला जोडलेलं, नडगी आणि बोटांचं मूळ झाकणारं चामडी कवच शिवून घ्या. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. ओलं चामडं कातडी सोलतं, म्हणून रोज संध्याकाळी ते काढून वाळवा.

बाजाला जास्त भुकेली ठेवण्याची चूक पहिल्या हंगामात फार होते. कमजोर बाज जिथे मिळेल तिथे धरते आणि पकड सैल असल्याने चावे खाते. बाजाचं शिकारीच्या वेळचं वजन सहसा धरलेल्या दिवसाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के खाली ठरतं: 1200 ग्रॅमची मादी साधारण 1050 वर. पण आकड्याइतकंच छातीच्या हाडाभोवती किती मांस आहे ते बोटाने तपासा, आणि कडाक्याच्या थंडीत वजन 20-30 ग्रॅम वर ठेवा. रोज एकाच वेळी, ग्रॅमच्या काट्यावर. आदल्या दिवशी खारीचे केस पोटात गेले असतील तर सकाळी तिने न पचलेल्या केसांची गोळी ओकेपर्यंत उडवू नका.

पकड झाली की पळत जा. जाड हातमोज्याने खारीचं डोकं आधी दाबून धरा आणि मान मोडा; इथे उशीर झाला तर खारीचे हाल आणि बाजाची बोटं दोन्ही जातात. मग हातमोज्यावर मांसाचा तुकडा दाखवून बाजाला उचला आणि खार पिशवीत टाका. पहिल्या महिन्यात दिवसाला एकच खार. घरी प्रत्येक बोट धुवून बारकाईने बघा, कारण चाव्याचं भोक बोटांच्या खवल्यांत सहज दिसत नाही आणि सूज दुसऱ्या दिवशी येते. सूज दिसली की पक्ष्यांच्या डॉक्टरकडे.

कुणी बंदुकीने मारलेली खार आणून दिली तर बाजाला घालू नका, शिशाचे बारीक कण मांसात राहतात. उंदरांचं विष ठेवलेल्या घरांजवळच्या खारीही टाळा. विजेच्या खांबांच्या रांगेजवळ बाज मोकळी सोडू नका. सूर्यास्ताच्या तासभर आधी बाजाला खाली बोलवा. मोठं शिंगवालं घुबड तिला मारू शकतं. हरवलेली बाज शोधता यावी म्हणून तिच्या अंगावर ट्रान्समीटर (रेडिओ खूण) तर रोज लावाच.

(महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी: भारतात शिकारी पक्षी धरणं-पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. अमेरिकेत शिकाऊ शिकारी बाज धरायला वापरतात तो बाल-छत्री सापळा (आत आमिष, वर फासे असलेला पिंजरा) मात्र मूळचा आपल्याकडचा.)

हंगाम संपल्यावर बाज ठेवायची असेल तर मार्चपासून पोटभर खाऊ घाला, म्हणजे पिसं नीट गळून नवी येतील. पहिल्या वर्षाची तपकिरी पट्ट्यांची शेपटी जाऊन लाल शेपटी तेव्हाच येते. सोडायची असेल तर वजन धरलेल्या दिवसाइतकं किंवा थोडं वर न्या, पायातलं सगळं काढा आणि निरभ्र दिवशी सकाळीच सोडा, म्हणजे अंधार पडेपर्यंत तिला जागा शोधायला पूर्ण दिवस मिळतो.