नवी पुली, जुना बोल्ट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २०१४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आहे. क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) मूळ पुली काढून तिच्या जागी बाजारात मिळणारी हलकी, थोड्या कमी व्यासाची ॲल्युमिनियमची पुली बसवण्याचा विचार आहे. विक्रेत्याने पुलीसोबत बोल्ट किंवा अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा बेल्ट दिलेला नाही. जुना बोल्ट नवाकोरा दिसतो आणि बेल्ट गेल्याच वर्षी बदलला आहे, तेव्हा दोन्ही पुन्हा वापरता येतील, असे गॅरेजवाल्यांचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बोल्ट नवाच घ्यावा, त्यात चर्चेला जागा नाही. बेल्टही बहुधा बदलावा लागेल, परंतु तो वयामुळे नव्हे, तर लांबीमुळे.

बोल्ट आवळताना आपण खरे तर त्याला किंचित ताणत असतो. ताणलेला बोल्ट पुन्हा आखडू पाहतो, म्हणूनच पुली क्रँकशाफ्टवर दाबून धरली जाते. पान्यावर लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने दहाएक टक्केच या ताणात उतरतो. उरलेला सगळा बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो, त्यामुळे आट्यांवर ओशटपणा, गंज किंवा धूळ असली की टॉर्क रेंचवर (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर) आकडा बरोबर दिसूनही प्रत्यक्ष दाब कमी-अधिक पडतो. घर्षणाची ही लहर टाळण्यासाठी आपल्या इंजिनात, म्हणजे फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ घराण्यातल्या इंजिनांत, क्रँकचा बोल्ट आधी १५० न्यूटन-मीटरपर्यंत आवळून त्यानंतर आणखी ९० अंश फिरवायचा असतो. या शेवटच्या पाव फेऱ्यात बोल्टचे पोलाद लवचीकपणाच्या मर्यादेपाशी किंवा तिच्याही पुढे जाते आणि त्यानंतर बोल्ट काढला तरी तो पूर्ण मूळ लांबीवर परतत नाही. असा बोल्ट दुसऱ्यांदा त्याच कोनात फिरवला, तर मिळणारा दाब किती असेल हे सांगता येत नाही आणि मानेशी बारीक होऊन तो तुटण्याचीही शक्यता असते. डोळ्यांना तो नवाकोरा दिसतो, हे खरे. पण हा दोष डोळ्यांना दिसणाऱ्यांतला नाहीच.

आपल्या इंजिनात या बोल्टवर आणखी एक जबाबदारी आहे. पुली आणि टायमिंग चेनचे (व्हॉल्व्हची उघडझाप क्रँकशी जुळवणाऱ्या साखळीचे) चक्र ही दोन्ही क्रँकशाफ्टच्या टोकाशी याच एका बोल्टने आवळलेली असतात. त्यांच्यामध्ये चावी (दोन भाग एकमेकांवर फिरू न देणारी लोखंडी पट्टी) नसते, तर समोरासमोर बसणारे बारीक दाते असतात. बोल्टचा दाब गेला तर केवळ बेल्ट घसरत नाही, तर व्हॉल्व्हची वेळच चुकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्यामुळे बोल्ट काढल्यावर चेनचे चक्र जागेवर धरून ठेवणारे खास साधन लावणे आणि तोवर क्रँक अजिबात न फिरवणे आवश्यक ठरते. हे साधन ज्या गॅरेजकडे नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये. शेवटचे ९० अंश मोजताना बोल्टच्या डोक्यावर आणि पुलीवर रंगाची एक सरळ रेघ ओढावी, म्हणजे कोन नजरेने ठरवावा लागत नाही. आवळण्यासाठी न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारी) गन वापरू नये.

नव्या पुलीची जाडीही व्हर्नियरने मोजून पाहावी. बोल्टच्या डोक्याखालचा भाग मूळ पुलीपेक्षा पातळ असेल, तर तोच बोल्ट आट्यांत अधिक खोल जातो आणि भोकाच्या तळाला टेकतो. रेंचला टॉर्क मिळतो, पुलीला मात्र दाब मिळत नाही. भाग जाड असेल तर उलट आटे कमी धरतात. दाते ॲल्युमिनियममध्येच कोरलेले असतील तर अशी पुली मी तरी घेणार नाही. पोलादी हब (मधला भाग) असलेलीच पाहावी.

आता बेल्ट. त्याच्यावर ‘६पीके’ आणि पुढे चार आकडे छापलेले असतात: सहा म्हणजे धारींची संख्या, पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. पुलीचा व्यास कमी झाला की तिच्याभोवती लागणारा बेल्टही कमी होतो. समजा व्यास १५० मिलिमीटरवरून १३४ वर आला आणि बेल्ट पुलीला साधारण अर्धा वळसा घालतो, तर १६ ला १.५७ ने गुणून सुमारे २५ मिलिमीटर बेल्ट जास्तीचा होतो. आपल्या पुलीचे खरे व्यास घालून हाच हिशेब करावा. ही ढिलाई टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा हात) काही अंशी गिळतो, पण त्याचा हात हालचालीच्या टोकाशी जाऊन बसला की एसीचा कॉम्प्रेसर चालू होताच बेल्ट घसरून चिरचिरू लागतो. नवा बेल्ट चढवल्यावर टेन्शनरचा हात हालचालीच्या मधोमध असावा. जुन्या बेल्टला भेगा नाहीत, एवढ्यावरून तो चांगला समजू नये: हल्लीच्या बेल्टचे ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर भेगाळण्याऐवजी टायरसारखे झिजते, आणि धारी झिजल्या की बेल्ट खाचेच्या तळाला टेकून पकड गमावतो.

वरच्या आकड्यांनुसार अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर जवळजवळ ११ टक्के हळू फिरतील, हेही लक्षात घ्यावे. मे महिन्यात सिग्नलला उभे असताना ते जाणवेल. शिवाय मूळ पुलीत रबराचे कडे असते, ते क्रँकशाफ्टची पिळवटणारी कंपने शोषून घेते. अखंड ॲल्युमिनियमच्या पुलीत ते नसते. आपण मत विचारले आहे म्हणून सांगतो, रोजच्या वापराच्या गाडीत हा बदल करू नये.

प्रश्न : माझ्या २००५ च्या मिनी कूपर एसच्या सुपरचार्जरवर (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंपावर) १५ टक्के लहान पुली बसवायची आहे. तेथेही हाच नियम लागू होतो का?
— एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : क्रँकच्या बोल्टचा येथे संबंध नाही. मूळ पुली सुपरचार्जरच्या शाफ्टवर दाबून बसवलेली असते आणि पुलरने (ओढून काढण्याच्या साधनाने) काढावी लागते. नवी पुली लहान बोल्टांनी आवळणारी असेल, तर ते बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, पुली बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळावेत. बेल्ट मात्र आखूड घ्यावाच. व्यास १५ टक्के घटला की सुपरचार्जरचा वेग सुमारे १७.६ टक्के वाढतो, भारही वाढतो आणि पुलीवर बेल्टची पकड तेवढी कमी पृष्ठभागावर होते. तेव्हा लांब बेल्ट नेमका वेगात, पूर्ण भाराच्या वेळी घसरतो. या गाडीत पाण्याचा पंपही सुपरचार्जरच्याच मागे जोडलेला आहे, म्हणून बेल्ट तुटला किंवा उतरला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. सुरुवातीच्या काही दिवसांत बेल्टच्या कडेला काळी भुकटी साचते का, ते पाहावे. साचत असेल तर पुली शाफ्टवर सरळ रेषेत बसलेली नाही.